बायकोला विचारून सांगतो

श्री

मी मनकर्णा, बेवा नथ्थू वाढई, वय साठीच्या पलीकडे, धंदा शेती, राहणार मौजा हिरडबोडी, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, हा कागद आपल्या राजीखुशीने लिहवून घेते तो असा की, माझ्यामागे माझ्या मिळकतीवरून कोणी कोणाचा गळा धरू नये. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलूनही कोणी बसविलेले नाही. गोड बोलणारे माणूस या घरात एकच होते, ते गेले.

लिहिणारे भैयाजी मास्तर हे आमच्या गावच्या शाळेतून पेन्शनीवर गेलेले गृहस्थ. 'मन व बुद्धी ठिकाणावर असताना' एवढे शब्द घातले की सरकारला पुरते, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, सरकारला पुरत असेल, मला पुरत नाही. बुद्धी ठिकाणावरून उठून जाते म्हणजे काय होते हे मी माझ्या घरात बसून पाहिले आहे, त्यामुळे माझी कुठे आहे हे मला चांगले सांगता येते. मी कोण, हे घर कोणाचे, सकाळी काय जेवले, माझा राग कोणावर आहे आणि कशासाठी, हे सर्व मला याद आहे. रागाचे तर बारकाव्यासह याद आहे.

दुसरे असे की, या कागदात मी माझ्या यजमानांचे नाव घेणार आहे. आमच्या वेळच्या बाया उखाण्यात घेतले तेवढेच नाव घेत, मीही तशीच. पण शेवटी शेवटी ते मला रोज विचारीत, "बाई, माहं नाव काय आहे जी?" घरात सांगायला दुसरे कोणी नसे, म्हणून मीच सांगे, "नथ्थू." "अच्छं नाव आहे," असे म्हणून ते खूश होत. रोज सांगून सांगून माझी लाज मोडली. मास्तरांनी भीत भीत 'यजमान' लिहिले होते ते मी बऱ्याच ठिकाणी खोडायला लावले आहे.

कलम १. मिळकत माझी कशी, याबाबत.

नथ्थूजी मागच्या कार्तिकात वारले. आम्हांस मूलबाळ झाले नाही. त्याचे दुःख करायचे ते तरुणपणी करून झाले. नथ्थूजी व त्यांचे थोरले भाऊ महादाजी यांच्या वाटण्या महादाजी हयात असतानाच झाल्या. आता नवा कायदा आला आहे, त्यात नवऱ्यामागे बाईला मिळालेली मिळकत तिची पुरती मालकीची, नुसती जन्मभर वापरण्यापुरती नव्हे, असे मास्तरांनी मला वाचून दाखविले. मी दोनदा वाचायला लावले. सबब राहते घर, गावतळ्याच्या, म्हणजे बोडीच्या, पाळीखालची धानाची बांधी, सुतारकीची हत्यारे आणि घरातले किडूकमिडूक हे सर्व माझे असून त्याचे काय करायचे हे मी सांगते.

कलम २. हत्यारांबाबत.

वाकस, करवती, रंधे, पटाश्या, गिरमिट, मोगरी व लाकडी पेटी, हे सर्व पलीकडच्या गावचा लच्छू सुतार यास द्यावे. हे ऐकून गावातले लोक हसतील, कारण नथ्थूजी व लच्छू यांचे भांडण सर्वांना माहीत आहे. म्हणून खुलासा करते.

नथ्थूजींच्या हातची बंडीची चाके नदीपलीकडेही जात. तिवसाचे लाकूड ते आधी वासाने ओळखत, मग डोळ्याने. आजाराची सुरुवात नांगरापासून झाली. आमचे सरपंच पत्रूजी यांनी पावसाळ्याआधी एक नांगर सांगितला होता. नथ्थूजींनी तो केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाले, पत्रूचा नांगर राहून गेला, आणि पुन्हा नवीन लाकूड घेतले. तो झाला, तर पुन्हा तेच. पत्रूजीला एका नांगराच्या जागी तीन मिळाले आणि त्याने तिन्ही नेले. "नथ्थूभाऊचं मन काऊन मोडाचं," असे तो म्हणाला. मन मोडू नये म्हणून त्याने ते जादाचे दोन नांगर आजवर घरात ठेवले आहेत. याबद्दल पुढे कलम ६ पाहावे.

गडचिरोलीच्या डॉक्टरकडे नेले तर तो म्हणाला, हे म्हातारपण आहे, याला औषध नाही. मी म्हटले, डॉक्टरसाहेब, म्हातारपण मलाही आहे, पण मला नांगर मोजता येतात. तो हसला आणि ताकदीची बाटली दिली. ती मीच प्यायले.

मग चाकाचे आरे चुकू लागले. मधल्या तुंब्यात आरा बसेना, बसला तर वाकडा. लोक काम देईनासे झाले, पण नथ्थूजी सकाळी हत्यारे काढून बसत आणि लाकडाची वाट पाहत. एके दिवशी रस्त्याने लच्छू चालला होता. या दोघांचे वीस पावसाळे बोलणे नव्हते. कोणा शेटजीच्या बंडीचे काम एकाने दुसऱ्याच्या तोंडचे ओढले होते. कोणी कोणाचे, हे ज्याला विचाराल त्यावर आहे. नथ्थूजींनी त्याला हाक मारली, "लच्छू, ये ना बे, चहा घे." लच्छू रस्त्यात उभाच राहिला. मग आला, चहा प्यायला. नथ्थूजी भांडण विसरून गेले होते. लच्छू विसरला नव्हता, पण एकट्याने किती दिवस भांडण चालवणार? दुसऱ्या दिवसापासून तो येताजाता एखादा ओंडका टाकून जाऊ लागला. "भाऊ, जरा एवढं तासून द्याल का जी," असे म्हणे. नथ्थूजी दिवसभर तासत. संध्याकाळी तो येऊन तासलेले उचलून नेई आणि म्हणे, "तुमच्यासारखा हात कोणाचा नाई." त्या लाकडाचे तो काय करी? चुलीत घालत असणार. मी कधी विचारले नाही, त्याने कधी सांगितले नाही. सबब हत्यारे त्याची.

कलम ३. घराबाबत.

घर, पुढची उघडी सपरी, मागची बाडी व बाडीतले फणसाचे झाड, हे सर्व माझी धाकटी बहीण सुगंधाबाई हिला मालकीहक्काने मिळावे. सुगंधा लहानपणी विधवा झाली, तेव्हापासून आरमोरीला भावाच्या घरी राहते. भाऊ वाईट नाही. पण ज्या घरात आपण कोणाच्या तरी चांगुलपणावर राहतो तिथे पाय पसरून झोपता येत नाही. तिला पाय पसरून झोपायला घर असावे. लग्न झालेल्या बाईला तरी कुठे लगेच येते? मला या घरात नीट झोप लागायला सासू जाईपर्यंत वाट पाहावी लागली.

आता हे घर आणि नथ्थूजी यांचे काय झाले ते सांगते. एक दिवस मी शेतातून आले तर नथ्थूजी सपरीत अंग चोरून उभे. मला म्हणाले, "बाई, तुमचे मालक कुठी गेले?"

मला वाटले थट्टा करतात. थट्टा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण माणूस म्हातारपणी सुधारू शकते. मी म्हटले, "इथीच आहेत."

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "मले त दिसून नाई राह्यले. मालक घरी नसतांनी मी अंदर येणं बरं नाई. मी इथी सपरीतच बसतो."

तेव्हापासून ते सपरीत राहू लागले. तिथेच झोपत, तिथेच जेवत. मी पहिले काही दिवस रडले, ते मागच्या बाडीत जाऊन, कारण परक्या बाईला रडताना पाहून ते घाबरत. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. नवरा म्हणून हे गृहस्थ जेवताना कधी बोलले नाहीत. पाहुणा म्हणून रोज तारीफ करू लागले. "बाई, वांग्याची भाजी गज्जब झाली जी. ज्याच्या घरी तुम्ही पडल्या तो नशीबवान." लग्नाला एवढी वर्षे झाली, हे वाक्य मला पाहुण्याच्या तोंडून ऐकायला मिळाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वांगी केली.

आणि ते त्यांच्या बायकोबद्दल सांगत. परक्या बाईला माणूस बरेच सांगते. "माही बायको लय तेज आहे. तिचं तोंड चालू झालं का माहा रंधा बंद पडते." मी विचारी, "मंग सोडून काऊन नाई दिली?" ते माझ्याकडे असे पाहत जसे मीच खुळी झाले आहे. "सोडून कसं देईन? तिच्याबिगर मले करमत नाई." एकदा हळूच म्हणाले, "तिले अंबाडीच्या भाजीचा नाद आहे. मले अंबाडी बिलकुल आवडत नाई. पण तुम्ही तिले सांगजा नोका, तिचं मन दुखन." मी त्या माणसाला इतकी वर्षे हौसेने अंबाडी वाढत आले होते.

या काळात सुगंधा मदतीला आली. ती दारात पाऊल टाकते न टाकते तोच नथ्थूजी म्हणाले, "ये सुगंधा, आरमोरीचे लोक बरे आहेत ना?" तिला ओळखले. मी हातात भाताचा गंज घेऊन उभीच. सुगंधा माझ्याकडे पाहीना, मी तिच्याकडे पाहीना. मग दोघींना हसू फुटले ते आवरेना, आणि आम्ही हसतो म्हणून तेही हसू लागले. त्या दिवसाचा मला राग आहे, पण घर तिलाच द्यायचे आहे.

कलम ४. धानाच्या बांधीबाबत.

बोडीच्या पाळीखालची बांधी इसरू, राहणार गावाबाहेरचा टोला, याला द्यावी. इसरू गोंड असून नथ्थूजींचा लहानपणापासूनचा सोबती. जंगलातले लाकूड पाहायला दोघे संगेच जात. इसरू ज्या जमिनीत पीक काढतो ती जंगल खात्याची आहे. उद्या उठ म्हटले तर उठावे लागेल. ज्या जमिनीवरून त्याला कोणी उठवणार नाही असा एक तुकडा त्याला असावा.

दिवस कलला की नथ्थूजी दुपट्टा खांद्यावर टाकीत आणि म्हणत, "चलतो बाई. लय वेळ बसलो. घरी जातो." मी सांगे, हेच घर आहे. मग ते बावरत. हात ओढून धरला तर थरथर कापत. इसरूने हे पाहिले आणि मला म्हणाला, "बाई, त्याले अडवू नोका. घरी जाचं म्हणते ना, जाऊ द्या. मी संग जातो." दोघे बोडीच्या पाळीवरून निघत, गोंडी बोलत बोलत पूर्ण फेरा मारून पलीकडच्या वाटेने पुन्हा दारात येत. इसरू विचारी, "भाऊ, हे घर कसं वाटते?"

"अच्छं आहे. कोणाचं आहे?"

"तुमचंच."

"मंग चाला. पाय दुखले."

इसरू हे रोज करीत असे. शेतातून दमून आला तरी करी. एका दिवशी तो हाटाला गेला होता आणि माझा डोळा चुकवून नथ्थूजी एकटेच निघून गेले. गाव धुंडाळले, बोडी पाहिली. आमच्या भागात वाघ सांगून येत नाही. माझे काय झाले असेल ते लिहवत नाही. हाटातून परत आल्या पावली इसरू जंगलात शिरला आणि थेट त्यांच्या नेहमीच्या सागाच्या पट्ट्यात गेला. नथ्थूजी एका मोठ्या सागाला दोन्ही हातांनी मिठी घालून उभे होते. इसरू म्हणाला, "भाऊ, हे झाड सरकारी आहे." नथ्थूजी म्हणाले, "मी कुठी तोडून राह्यलो? भेटाले आलो." इसरूने मला हे सांगितले तेव्हा तो हसत होता, पण त्याने डोळे पुसलेले मी पाहिले.

या गोष्टीवरूनच पुढचे प्रकरण उभे राहिले. महादाजींचा मुलगा गुणवंतराव वडशाला लाकडाच्या टालावर मुनीम आहे. त्याच्या कानावर गेले की काका जंगलात सापडले. तो आला, कागद घेऊन आला. म्हणाला, "काकू, तुह्यानं हे होत नाई. उद्या वाघानं नेलं त कोण जबाबदार? मी काकाले वडशाले नेतो. अन् बांधी माह्या नावानं करून द्या, खर्चापाण्याले." बोलणे सगळेच खोटे नव्हते. माझ्याने होत नव्हते हे खरेच होते. पण बांधी हातात आल्यावर काका किती दिवस वडशाच्या घरात राहिले असते, हा मला प्रश्न होता. मी नाही म्हटले. त्याने पंच बोलावले.

शाळेच्या सपरीत बैठक बसली. पत्रूजी सरपंच मध्ये. गाव सगळे गोळा. गुणवंतरावाने नथ्थूजींना समोर बसवले आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "काका, ही बाई कोण?"

नथ्थूजींनी मला नीट निरखून पाहिले. "गावातली बाई आहे. माणूस चांगली आहे."

"तुमची कोण लागते?"

"माही? माही कोणी नाई."

एवढ्या माणसांत मी पदर तोंडावर ओढून घेतला. गुणवंतरावाचेही तोंड उतरले होते, हे मी मुद्दाम लिहवते. तो प्रश्न विचारून त्याला आनंद झालेला नव्हता. पण तो थांबला नाही. कागद पुढे केला, शाई पुढे केली. "मंग काका, इथी अंगठा लावा."

नथ्थूजींनी हात मागे घेतला. "बायकोले विचारून सांगतो."

"कोणत्या बायकोले?"

"किती बायका आहेत मले? मनकर्णाले. तिले विचारल्याबिगर मी आजवरी कुठी अंगठा लावला नाई. लावला त ती जेवाले देणार नाई."

लोक हसले. माझे नाव त्यांच्या तोंडून मी भरल्या गावात ऐकले. पत्रूजीने विचारले, "नथ्थूभाऊ, कुठी आहे तुमची बायको?"

"घरी आहे. वाट पाह्यत असन. लय उशीर झाला." आणि उठले. उठून माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही तिकडंच जाता ना? मले घरापर्यंत पोचवून द्या."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही घरी गेलो. मागे पत्रूजी म्हणाला ते मला सुगंधाने सांगितले. तो म्हणाला, "हा माणूस बायकोले विचारल्याशिवाय अंगठा देत नाई. बायको नाई म्हणते. मंग बसाचं कायले? उठा." नांगर सोडता पत्रूजी माणूस बरा आहे.

कलम ५. गुणवंतरावाबाबत.

गुणवंतरावाला या मृत्युपत्रान्वये काही नाही. हे रागाने लिहिले असे कोणी समजू नये. राग होता, तो मागच्या कार्तिकापर्यंत मी नीट सांभाळला. पुढे काय झाले ते असे.

दिवाळीच्या सुमारास नथ्थूजींनी चालणे सोडले. मग घास गिळणे विसरले. तोंडात घास तसाच राही. मी आणि सुगंधा चमच्याने तांदळाची पेज पाजू लागलो. बोलणेही कमी झाले, पण पेज पाजली की हात जोडत. गुणवंतरावाला निरोप धाडला, येईल असे वाटले नव्हते. तो आला. दारातून वाकून आत आला, तेव्हा नथ्थूजींनी डोळे उघडले. गुणवंतराव चेहऱ्याने बापावर गेला आहे. नथ्थूजी म्हणाले, "दादा, तू आला."

गुणवंतराव माझ्याकडे पाहू लागला. तो खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "हो, आलो."

"लय उशीर केला."

"हो, उशीर झाला."

"दादा, वाटणी काऊन केली बे?"

मला वाटले, आता हा उठून जाईल. पण त्याने काकांचा हात हातात घेतला. "चूक झाली नथ्थू." असे म्हणाला. त्याच्या बापाने 'चूक झाली' हे शब्द जन्मात कोणाला म्हटले नाहीत. तो दिवसभर तिथेच बसला. बापाच्या जागी बसून त्याने लहानपणीच्या गोष्टींना हो ला हो दिले, ज्या त्याच्या जन्माआधीच्या होत्या. त्या दिवशी माझा राग गेला. जपलेली वस्तू हरवते तसे वाटले, पण गेला. सासऱ्यांचा जुना वाकस मी त्याला गेल्या महिन्यात हाताने दिला आहे, तो या कागदात धरू नये.

नथ्थूजी त्यानंतर तीनचार दिवस होते. शेवटच्या सकाळी डोळे निवळ होते. मला म्हणाले, "बाई, माह्या बायकोले एक सांगजा."

"काय सांगू?"

"सांगजा का मी येतो. तिनं जेवून घ्यावं. माह्यासाठी थांबू नाई."

"सांगीन," मी म्हटले.

मग झोपले. दुपारी सुगंधा पेज घेऊन आली तेव्हा श्वास नव्हता. मला शेवटी तरी त्यांनी ओळखले का, असे गावातल्या बाया विचारतात. नाही ओळखले. पण निरोप जिचा होता तिला पोहोचला, एवढी नोंद या कागदात असावी. त्या दिवशी मी जेवले नाही. तेवढा एक शब्द मोडला. दुसऱ्या दिवसापासून जेवते.

कलम ६. किरकोळ.

(अ) पत्रूजींकडचे जादा दोन नांगर: एक इसरूला द्यावा, त्याला आता बांधी आली आहे. दुसरा पत्रूजीने ठेवावा, बैठकीत उठा म्हटले त्याबद्दल.

(आ) माझी चांदीची सरी इसरूची बायको नीलाबाई हिला. तिने मोहफुले वेचायची सोडून नथ्थूजींजवळ बसून दिलेले दिवस मी जाणते.

(इ) शेळी सुगंधाची. शेळी मारकी आहे, हे सुगंधाला आधी सांगून ठेवावे.

(ई) माझ्या तेरवीला वरण, भात, वांग्याची भाजी करावी. अंबाडी करू नये.

(उ) गावात 'नथ्थू खुळा झाला होता' असे जे म्हणतात त्यांना तेरवीला बोलवावेच. पोटभर वाढावे. खुळा मुळीच नव्हता, विसरला होता. यांतला फरक त्यांना जेवताना मास्तरांनी सांगावा.

कलम ७. मी विसरले तर.

हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, कारण मी तेव्हा जिवंत असेन, असे मास्तर म्हणतात. तरी लिहावे.

माझेही तसे झाले तर मला रोज समोर बसवून, मी कोण, ही कोण, असे विचारू नये. परीक्षा शाळेतल्या पोरांची घ्यावी. मला उलट्या दिशेने जायचे असेल तर कोणीतरी संगे यावे. मी सुगंधाला आई म्हटले तर तिने ओ द्यावी. मी कोणाला शिव्या दिल्या तर त्या माझ्याच समजाव्यात, आजाराच्या नव्हेत; पुष्कळ दिवसांच्या तुंबल्या आहेत. कोणत्याही कागदावर माझा अंगठा घेऊ नये. आणि मी नथ्थूजी कुठे आहेत असे विचारले तर ते वारले असे सांगू नये. एकदा ऐकले, तेवढे पुष्कळ झाले.

या मृत्युपत्राप्रमाणे सर्व करण्याचे काम भैयाजी मास्तरांवर सोपवते. त्यांनी ते कबूल केले आहे.

वाचून दाखविल्याबाबत.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे मास्तरांचे म्हणणे पडले. तेव्हा ज्यांना काही मिळत नाही असे दोन जण मी मुद्दाम बोलावले: गुणवंतराव महादाजी वाढई व पत्रूजी सरपंच. पत्रूजी नांगराबद्दल कुरकुरला, पण तो नांगर त्याच्याकडे आधीच होता, नव्याने काही मिळाले नाही, असे मास्तरांनी ठरविले. गुणवंतरावाला बोलावण्यात माझा एक डाव होता: आज जो सही करील त्याला उद्या भांडता येणार नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितले. तो म्हणाला, "मालूम आहे काकू."

मास्तरांचा चष्मा धुरकट झाला होता म्हणून कागद गुणवंतरावानेच मोठ्याने वाचला. कलम ४ मध्ये त्याच्या बैठकीपाशी आला आणि थांबला.

"काकू, हे असंच राहू द्याचं?"

"खोटं आहे का?"

"नाई."

"मंग वाच."

त्याने वाचले. कलम ५ हळू वाचले. पुढे सर्व वाचून झाल्यावर कागद मांडीवर ठेवून म्हणाला, "काकू, एक राहिलं. तुह्या चितेले अग्नी कोण देणार, हे कुठीच लिहिलं नाई."

मी म्हटले, "ते मी मेल्यावरचं. ज्याले सुचन तो देईन."

तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, लिहा."

सबब कलम ८. मनकर्णाबाईच्या चितेला अग्नी गुणवंतराव याने द्यावा. हे कलम त्याच्या सांगण्यावरून व माझ्या कबुलीने वाढविले आहे. हा लाभ धरायचा की कसे, आणि त्यामुळे त्याची साक्ष बाद होते काय, असे मी मास्तरांना विचारले. मास्तरांनी बराच विचार केला आणि सांगितले की कायद्याने हा लाभ नाही.

ठिकाण मौजा हिरडबोडी, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, मुंबई राज्य.
तारीख ९ फेब्रुवारी १९५८, माघ वद्य पक्ष, दिवसाउजेडी.

मनकर्णा बेवा नथ्थू वाढई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा, कोणाला न विचारता लावला.

साक्षीदार:
१. गुणवंतराव वल्द महादा वाढई, राहणार वडसा. सही दस्तुरखुद्द.
२. पत्रू वल्द सोमा, सरपंच, राहणार हिरडबोडी. सही दस्तुरखुद्द. एक नांगर उद्या सकाळी इसरूकडे पोचता करीन.

लिहिणार भैयाजी, पेन्शनर शिक्षक, हिरडबोडी. बाईंनी सांगितले तसेच लिहिले. खोडलेले शब्द त्यांच्याच हुकुमाने खोडले.